डब्यातले चार पिस्टन: जुन्या गाडीचा पिस्टन ओळखायचा कसा?

फियाटवेडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. १९६५ ची फियाट ११०० डिलाइट घेतली आहे. इंजिन सुटं करूनच मिळालं. ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य भाग) गोणीत, हेड (त्याचं वरचं झाकण) वेगळं, आणि एका पत्र्याच्या डब्यात चार पिस्टन. आधीच्या मालकांच्या वडिलांची गाडी, ते आता नाहीत, त्यामुळे कधी काय काम झालं हे सांगणारं कोणी उरलेलं नाही. गावातले मिस्त्री म्हणतात, "नवीन किट आणा, बसवून देतो." पण किट कोणतं आणायचं हेच कळत नाहीये. नेटवर इटलीतून ११०० डी चे पिस्टन मिळतात असं दिसलं. मागवू का? हे चार पिस्टन याच गाडीचे आहेत हे ओळखायचं कसं?

शिवडीवाला

इटलीहून मागवायची घाई अजिबात करू नका. तिकडची १९६२ नंतरची ११०० डी म्हणजे १२२१ सीसीचं इंजिन, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७२ मिमी. आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यात डिलाइट बनली ती १०८९ सीसीची, बोअर ६८, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ७५. पुढे तीच प्रेसिडेंट झाली, मग पद्मिनी, आणि माप तेच राहिलं. नाव एक असलं तरी बोअरमध्ये चार मिलिमीटरचा फरक आहे. तिकडचं शोधायचंच असेल तर ११०० आर बघा, त्यात इटलीवाले परत १०८९ वर आले होते. तेही बाकीची मापं जुळवूनच घ्या.

मापट्या

शिवडीवाल्यांशी सहमत. चाळीसेक वर्षं मशीन शॉपमध्ये बोरिंग-होनिंगची (सिलिंडर आतून कापून, घासून अचूक मापाला आणण्याची) कामं केली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी डबा उघडा आणि पिस्टन रॉकेलमध्ये भिजत ठेवा. वायर ब्रश लावू नका. डोक्यावरचे शिक्के हलक्या हाताने मारलेले असतात आणि तारेच्या ब्रशने ते कायमचे जातात. जुना टूथब्रश पुरतो. दुसरं, ब्लॉक धुवायच्या कॉस्टिकच्या टाकीत पिस्टन टाकू देऊ नका. ओतीव लोखंडाला त्याचं काही होत नाही, पण ॲल्युमिनियम खाल्लं जातं. चांगले पिस्टन असे वाया गेलेले पाहिलेत.

शिक्के दिसले की प्रत्येक पिस्टनवर काय लिहिलंय ते जसंच्या तसं इथे लिहा. टिंब असेल तर टिंबासकट, बाण असेल तर कुठल्या बाजूला तेही. आतल्या बाजूला, गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या) कानांजवळ, ओतकामातच उठवलेले आकडे असतात, तेही पाहा. डोक्यावरचा शिक्का साइज सांगतो, आतला आकडा पिस्टन कोणत्या डिझाइनचा ते सांगतो. लोक पहिलाच वाचतात.

मग ५० ते ७५ चा मायक्रोमीटर कुठून तरी उसना आणा. व्हर्नियरवर जाऊ नका. त्याची बारीकी दोन शतांश मिलिमीटरची, आणि इथे सगळा खेळच पाच शतांशाचा आहे. माप स्कर्टवर (रिंगच्या खाचांखालची पिस्टनची भिंत), खालच्या कडेजवळ, गजन पिनच्या काटकोनात घ्या. डोक्याजवळ घेतलंत तर पिस्टन लहान भरेल, पिनच्या दिशेने घेतलंत तरी लहान भरेल. पिस्टन खराब नाही, तो घडवलेलाच तसा असतो.

आणि पिस्टनइतकंच महत्त्वाचं: ब्लॉकचं माप. डायल बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी.

गिअरबदल

एक बाळबोध प्रश्न. पिस्टन गोल नसतो? मी आजवर तो दंडगोलच समजत होतो.

सौदामिनी

मी कोल्हापूरला फाउंड्रीत असते, त्यामुळे याचं उत्तर द्यायचा मोह आवरत नाही.

थंड पिस्टन लंबगोल असतो आणि खालून वर निमुळताही. फरक डोळ्याला दिसत नाही, मायक्रोमीटरला दिसतो. कारण असं की पिनच्या कानांपाशी धातू जास्त असतो, त्यामुळे तापल्यावर पिस्टन पिनच्या दिशेने जास्त फुगतो. म्हणून त्या दिशेला तो आधीच कमी ठेवतात. डोकं सगळ्यात जास्त तापतं, म्हणून ते स्कर्टपेक्षा लहान. इंजिन चालून गरम झालं की हाच पिस्टन बोअरमध्ये नीट गोल बसतो.

हे सगळं ॲल्युमिनियममुळे करावं लागलं. अगदी सुरुवातीच्या गाड्यांत पिस्टन ओतीव लोखंडाचे होते. सिलिंडरही लोखंडाचं, दोन्ही सारखेच फुगायचे, पण वजन भारी. १९१३ साली डब्ल्यू. ओ. बेंटली (पुढे बेंटली गाड्या काढणारे, तेव्हा डीएफपी या फ्रेंच गाड्यांचे लंडनमधले विक्रेते) डीएफपीच्या फ्रान्समधल्या कारखान्यात गेले असताना तिथे त्यांना टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवलेला ॲल्युमिनियमचा छोटा पिस्टन दिसला. त्यावरून त्यांनी आपल्या डीएफपी गाड्यांसाठी ॲल्युमिनियमचे पिस्टन करून घेतले, आणि पहिल्या महायुद्धात तीच कल्पना विमानांच्या इंजिनांत गेली. त्यांच्या मिश्रधातूत ८८ टक्के ॲल्युमिनियम आणि १२ टक्के तांबं होतं. आता तांब्याची जागा सिलिकॉनने घेतली आहे, साधारण १२ टक्क्यांच्या आसपास. सिलिकॉनमुळे झीज कमी होते आणि फुगणंही कमी होतं.

तरीही ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. ६८ मिमीचा पिस्टन घ्या आणि तापमान २०० अंशांनी वाढलं असं धरा. पिस्टन सुमारे ०.२८ मिमीने वाढेल, तेवढ्याच तापमानाला लोखंड ०.१५ ने. हा फरक जिरवायला जुन्या लोकांनी काय काय केलं ते पाहण्यासारखं आहे. स्कर्टला उभी चीर दिली, रिंगच्या खाली आडवी चीर दिली म्हणजे डोक्याची उष्णता स्कर्टपर्यंत कमी पोचेल, कोणी आत पोलादाच्या पट्ट्या ओतल्या. तुमच्या डब्यातल्या पिस्टनला अशी चीर दिसली तर ती तडा समजून फेकू नका. चिरेच्या टोकाला बहुधा गोल भोक असतं, चीर पुढे फाटू नये म्हणून. तड्याला असं भोक नसतं.

फियाटवेडा

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी सगळं करून पाहिलं. चारपैकी तीन पिस्टन वापरलेले, डोक्यावर काजळी, स्कर्टवर तपकिरी थर. चौथा जवळजवळ कोरा. नुसत्या डोळ्याला चारही सारखे दिसतात.

शिक्के: तीन वापरलेल्यांवर ०.४ आणि बाण. चौथ्यावर ०४०, टिंब नाही, बाण आहे.

मापं, मापट्याकाकांनी सांगितल्याप्रमाणे स्कर्टवर: ६८.३४, ६८.३५, ६८.३४. चौथा ६८.९६. हा चौथा मी तीन वेळा मोजला.

ब्लॉक मशीन शॉपमधून मोजून आणला. चारही सिलिंडर खाली ६८.४१ च्या आसपास, वर रिंग जिथे थांबते तिथे ६८.४७ पर्यंत.

मापट्या

छान काम केलंत. आता तुमच्या गाडीचा इतिहास तुमच्या हातात आहे.

मूळ बोअर ६८. इटालियन पद्धतीत ओव्हरसाइजच्या (झिजलेला बोअर वाढवून त्यात बसवायच्या मोठ्या पिस्टनच्या) पायऱ्या ०.२, ०.४, ०.६ अशा मिलिमीटरमध्ये. तुमचा ब्लॉक एकदा ०.४ ला बोअर झालेला आहे, म्हणजे ६८.४०. खालचं ६८.४१ ते सांगतंय, कारण खाली झीज सगळ्यात कमी होते. तीन पिस्टन ६८.३५ चे, म्हणजे पाच शतांशाचा क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली मोकळीक). हे तीन याच ब्लॉकमधून निघालेले आहेत यात मला शंका नाही.

चौथ्यावरचा ०४० हा इंचाचा आकडा. इंचाचे चाळीस हजारांश, म्हणजे १.०१६ मिमी. ६८ मध्ये ते मिळवले की ६९.०१६, त्यातून क्लिअरन्स वजा करा, तुमचं ६८.९६ बरोबर येतं. आपल्या बाजारात दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदत आल्यात. ॲम्बेसेडर, जीप, हेरल्ड हे सगळं इंचाचं घराणं. तिथे वीस, तीस, चाळीस, साठ अशा साइज बोलतात. फियाट मिलिमीटरची, पण दुकानात भाषा तीच चालते. माझा अंदाज असा: एक पिस्टन खराब झाला, कोणीतरी दुकानात जाऊन "फियाटचा चाळीस द्या" म्हणालं, आणि ०.४० मिमीऐवजी इंचाचा चाळीस हाती आला. तो बसलाच नसणार, म्हणून कोरा राहिला आणि इंजिन गोणीत गेलं.

शिक्का कधीही एकटा वाचू नका. तीन अंकी आकडा, पुढे टिंब नाही, तर बहुधा इंच. टिंब आणि एक-दोन अंक, तर बहुधा मिलिमीटर. "बहुधा" मुद्दाम म्हणतोय. निकाल मायक्रोमीटरच देतो.

रानवारा

माफ करा, पण एवढा खटाटोप कशाला? ब्लॉकला चार स्लीव्ह (बोअरमध्ये दाबून बसवायची लोखंडी नळकांडी) मारा, स्टँडर्डला आणा, स्टँडर्ड पिस्टनचं किट घ्या, झालं. माझ्या पद्मिनीला असंच केलं, वर्षानुवर्षं चालतेय.

मापट्या

रानवारा, स्लीव्ह वाईट नाही. पण ती शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे. यांच्या ब्लॉकमध्ये सगळ्यात मोठं माप ६८.४७ आहे. पुढची साइज ६८.६०. तेरा शतांश शिल्लक आहेत, सगळी झीज निघून जाईल आणि बोअर स्वच्छ होईल. मूळ लोखंडात अजून एक आयुष्य बाकी असताना ते चार ठिकाणी खरवडून त्यात नळकांडी ठोकायची, हे मला पटत नाही. स्लीव्ह नीट दाबून बसली नाही तर उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही आणि गाडी विनाकारण गरम होत राहते. शिवाय ०.६ केल्यावर सीसी किती वाढते पाहा: १०८९ चे ११०९. इंजिनच्या स्वभावात काही फरक पडणार नाही.

०.६ चा चांगला सेट मिळालाच नाही तर मात्र स्लीव्ह, हे मान्य. आणि पिस्टन हातात येऊन मोजून होईपर्यंत ब्लॉक बोअर करायला देऊ नका. पिस्टनच्या मापाप्रमाणे बोअर करतात. उलट केलं की अडकायला होतं.

कार्डिफकर

बोअर जुळला म्हणजे पिस्टन जुळला असं नाही, याचं एक उदाहरण माझ्याकडून. माझ्याकडे इथे ब्रिटनमध्ये एमजीए १५०० ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. तिचं १४८९ सीसीचं इंजिन आणि आपल्या ॲम्बेसेडरचं जुनं पेट्रोल इंजिन बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या एकाच बी सीरीजचे. बोअर ७३.०२५, स्ट्रोक ८८.९, दोन्हीकडे तंतोतंत तेच. म्हणून भारतातून ॲम्बेसेडरचे पिस्टन आणून इथे बसवायचा विचार पुष्कळांच्या मनात येतो. पण ॲम्बेसेडरचं कॉम्प्रेशन (पिस्टन खाली असतानाची पूर्ण जागा वर उरणाऱ्या जागेच्या किती पट) ७.२, एमजीएचं ८.३. या मालिकेत कमी कॉम्प्रेशनच्या पिस्टनचं डोकं खोलगट असायचं. गणित केलं तर एका सिलिंडरमागे वरची मोकळी जागा ॲम्बेसेडरमध्ये सुमारे ६० मिली आणि एमजीएमध्ये ५१. हा ९ मिलीचा फरक मायक्रोमीटरला कधीच दिसणार नाही.

खोलगट भाग मोजायची पद्धत सोपी आहे. पिस्टन सपाट उभा ठेवा, काठाला थोडं ग्रीस लावा, वर छोटं भोक पाडलेली ॲक्रिलिकची चकती दाबून बसवा, आणि सुई काढलेल्या सिरिंजने भोकातून रॉकेल भरा. बुडबुडा न राहता जेवढे मिली मावले तेवढी खोलगट भागातली जागा.

सौदामिनी

कार्डिफकरांच्या मुद्द्याला जोडून: पिनपासून डोक्यापर्यंतची उंची. बोअर, पिनची जाडी, डोक्याचा आकार सगळं जुळलं आणि ही उंची चुकली तरी पिस्टन निरुपयोगी. पिन घालून डोक्याच्या कडेपासून पिनच्या वरच्या काठापर्यंत माप घ्या, त्यात पिनची अर्धी जाडी मिळवा. ती उंची. ॲम्बेसेडरच्या बोअरवर ही फक्त १ मिमीने कमी पडली तर वर ४ मिली जागा जास्त होते आणि ७.२ चं कॉम्प्रेशन ६.८ वर येतं. गाडी चालू होईल, पण घाटात दम टाकेल, आणि मिस्त्री कार्ब्युरेटर पिळत बसतील. १ मिमीने जास्त भरली तर पिस्टन हेडला किंवा व्हॉल्व्हला भिडण्याची भीती.

आणि पिन रॉडमध्ये कशी धरली आहे तेही बघायचं. काही इंजिनांत पिन पूर्ण मोकळी फिरते आणि दोन्ही टोकांना सर्क्लिप (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कड्या) असतात. जुन्या बी सीरीजमध्ये रॉडचं वरचं टोक बोल्टने पिनला आवळतं, तिथे पिस्टनला सर्क्लिपच्या खाचा नसतात. म्हणजे नुसत्या खाचा पाहूनसुद्धा काही पिस्टन बाद करता येतात.

फियाटवेडा

उंची मोजली. चौथ्याची बाकी तिघांइतकीच आहे, पिनही तीच. म्हणजे तो फियाटचाच, फक्त साइज वेगळी. मापट्याकाका म्हणाले तसंच.

आणखी एक दिसलं. वापरलेल्यांपैकी एकाच्या स्कर्टवर घासल्याच्या खुणा तिरक्या आहेत. एका बाजूला पिनच्या वर डावीकडे, पलीकडच्या बाजूला पिनच्या खाली. बाकी दोघांवर खुणा सरळ उभ्या, मधोमध. हे काय असावं?

मापट्या

बरं झालं विचारलंत. ही गोष्ट नव्या किटने लपली असती आणि परत सहा महिन्यांत डोकं वर काढलं असतं.

पिस्टन बोअरमध्ये सरळ चालत असेल तर खुणा दोन्ही बाजूंना मध्यभागी येतात. तिरक्या आल्या म्हणजे पिस्टन वाकडा चालतोय, आणि तो स्वतःहून वाकडा चालत नाही. कनेक्टिंग रॉड (पिस्टन क्रँकशाफ्टला जोडणारा दांडा) वाकलाय किंवा पिळलाय. चारही रॉड अलाइनमेंट जिगवर तपासून घ्या. जो पिस्टन खराब झाला म्हणून चौथा आणला गेला, त्याच्याही रॉडवर माझा संशय आहे. जुने पिस्टन भंगारात टाकायच्या आधी मांडून बघावेत असं मी प्रत्येकाला सांगतो ते यासाठीच. कुठल्या क्रमांकाच्या सिलिंडरमधून कुठला निघाला हे माहीत असतं तर अजून बरंच वाचता आलं असतं.

गिअरबदल

बाण कुठल्या दिशेला करायचा? आमच्याकडे एकाने उलटा बसवला तरी चालतो म्हणून सांगितलं.

मापट्या

बाण इंजिनच्या पुढच्या बाजूला, म्हणजे टायमिंग चेनकडे. काही पिस्टनवर बाणाऐवजी खाच असते, जर्मन पिस्टनवर 'फोर्न' लिहिलेलं असतं, अर्थ तोच.

उलटा चालत नाही. बऱ्याच पिस्टनमध्ये पिन बरोबर मध्यावर नसते, एखाद्या मिलिमीटरने बाजूला सरकवलेली असते. पॉवर स्ट्रोकला रॉड तिरका होतो आणि पिस्टन सिलिंडरच्या एका भिंतीवर दाबला जातो. इंजिन समोरून पाहताना घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर ती भिंत तुमच्या डाव्या हाताची. पिन त्या बाजूला किंचित सरकवली की पिस्टन एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटत नाही, हळूच कलतो. उलटा बसवलात तर थंड इंजिनवर ठक्ठक् ऐकू येईल. चिरेचा पिस्टन असेल तर चीर नेहमी कमी दाबाच्या भिंतीकडे, म्हणजे समोरून पाहताना उजवीकडे. जोराच्या बाजूला आली तर स्कर्ट तिथेच आत दबतो.

शिवडीवाला

फियाटवेडा, मुंबईत असाल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला आणि ऑपेरा हाऊसच्या बाजूला जुन्या दुकानांत चौकशी करा. पुण्याला नाना पेठ. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी बंद झाली. मागणी घटली, पण काही जुन्या दुकानदारांकडे माल अजून पडून आहे. जाताना मायक्रोमीटर सोबत न्या आणि डबा उघडून चारही मोजा. डब्यावरचं लेबल आणि आतला माल दरवेळी एकच असतो असं नाही. रिंग त्याच सेटच्या घ्या.

सौदामिनी

आणि दुपारी उन्हात ठेवलेला पिस्टन मोजू नका. ४० अंशांना हाच पिस्टन २० अंशांपेक्षा जवळपास तीन शतांश मोठा भरतो, तुमच्या क्लिअरन्सच्या निम्म्याहून जास्त. पिस्टन आणि ब्लॉक एका खोलीत रात्रभर ठेवा आणि सकाळी दोन्ही मोजा. लोखंडही थोडं फुगलेलं असतं, त्यामुळे दोघं एकाच तापमानाला असले की चूक बरीच भरून निघते.

फियाटवेडा

०.६ चा सेट मिळाला! चारही पिस्टन ६८.५५, आत ओतलेला आकडा माझ्या जुन्या तिघांवर आहे तोच, उंची आणि पिनही जुळते. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजनं केली: तीन दोन ग्रॅमच्या आत, एक मात्र सात ग्रॅमने जड. चारही रॉड जिगवर तपासले, एक खरंच वाकलेला निघाला. दुसरा मिळवलाय. ब्लॉक उद्या बोरिंगला जातोय.

मापट्या

उत्तम. जड पिस्टनचं वजन आतून, पिनच्या कानांच्या खालच्या भागातून उतरवा. डोक्याला आणि रिंगच्या पट्ट्याला हात लावू नका. नव्या रॉडचंही वजन बाकीच्या तिघांशी ताडून घ्या.

रिंग बोअरमध्ये ढकलून, पिस्टनच्या डोक्याने सपाट करून, टोकांमधली फट फिलर गेजने बघा. रिंगच्या कागदावर माप दिलेलं असेल तर तेच धरा, नसेल तर या बोअरला ०.२ ते ०.३५ मिमी ठीक. फट नसेल तर रिंग तापल्यावर टोकाला टोक भिडेल आणि मोडेल. 'टॉप' लिहिलेली बाजू वर. दुसरी रिंग उलटी बसली तर ती तेल खाली खरवडायच्या ऐवजी वर चढवते, आणि नव्या इंजिनातून निळा धूर आला की सगळे पिस्टनला दोष देतात.

होनिंग झाल्यावर बोअर गरम पाण्याने आणि साबणाने घासून धुवा. रॉकेलने पुसलं तर दगडाची बारीक पूड रेषांमध्येच राहते. पांढरं फडकं आतून फिरवून स्वच्छ निघेपर्यंत धुवायचं आणि लगेच इंजिन ऑइलचा हात फिरवायचा, नाहीतर आपल्या दमट हवेत तासाभरात गंज धरतो.